आकडा बरोबर होता

बोरी, ता. जिंतूर
दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार

चि. संघप्रिया हिस,
सूर्यभानदादाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. 'सगळे' हा शब्द मी या वेळी विचार करून लिहिला आहे. लिहिण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं तोंड पाहून आलो. तुझ्या रात्रपाळ्या संपल्या का, कंबरेचा पट्टा बांधतेस का, आणि जीवनराव अजून बिनसाखरेचाच चहा घेतात का, ते कळव. (घेत नाहीत हे मला माहीत आहे. तुझ्या नीलूनं त्यांच्या कपाटातला साखरेचा डबासुद्धा सांगितला आहे.) आईचा डावा डोळा मोतीबिंदूनं आता गेल्यातच जमा आहे. उजव्यानं जेमतेम सावल्या दिसतात, पण तेवढ्यावरच ती आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवून असते आणि तो एकच डोळा आम्हाला जड जातो.

हे पत्र तुला नीलूच्याच हातून मिळेल. आमच्या शाळेतले गोपाळ सर त्यांच्या भावाकडे पुण्याला निघाले आहेत, त्यांच्यासोबत तिला पाठवतो आहे. त्यांना मी बजावलं आहे की मोजायचं नाही, नुसतं बघत राहायचं. (एकाच मुलीला कोण मोजतं, असं ते म्हणाले. त्यांना काय कल्पना.) तेव्हा पुढचं वाचण्याआधी एक काम कर. नीलूला समोर उभी कर, डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहून घे आणि मग खुर्चीत बसून वाच. ती आहे, धडधाकट आहे, वजन वाढलं आहे. डोक्याला बांधलेला रुमाल मात्र पत्र संपेपर्यंत सोडू नकोस, गाडीत वारं लागलं असेल.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'म्हणजे काय रे दादा' म्हणतेस आणि मग मला तिसरं वाक्य सापडत नाही. ही गोष्ट तर अशी आहे की पहिलं वाक्य ऐकून तू घाबरशील आणि शेवटचं ऐकल्याशिवाय सावरणार नाहीस. मधल्या वाक्यांना कागदच बरा.

आठवतं ना, परत निघताना परभणीच्या स्टेशनवर तू काय म्हणालीस ते? 'दादा, ही पहिल्यांदाच माझ्याशिवाय राहतेय, नजरेआड करू नकोस.' मी हसलो होतो. वर तुला भाषण दिलं होतं की बावीस वर्षं जिल्हा परिषदेची मास्तरकी केली आहे, या तालुक्यातले मतदार मोजले, घरं मोजली, शौचालयं मोजली, शेळ्या-मेंढ्या मोजल्या, शाळाबाह्य मुलं मोजायला वीटभट्ट्या धुंडाळल्या आणि आजवर माझा एकही आकडा वरून परत आला नाही, तर घरातली सहा लेकरं मला जड जाणार आहेत का. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि हे तुला आधीच सांगून ठेवतो, आकडा या वेळीही चुकला नाही.

तर झालं असं. आपला धाकटा धम्मानंद आणि त्याची बायको चुडाव्याला लग्नाला गेले आणि त्यांची तीन लेकरं आमच्याकडे ठेवून गेले. माझी दोन, त्याची तीन आणि नीलू, अशी सहा. दिवाळीच्या सुट्टीत सहा लेकरं घरात म्हणजे घराचं काय होतं ते तुला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तुझी वहिनी सविता म्हणाली की यांना कुठंतरी फिरवून आणा, नाहीतर मला कुठंतरी नेऊन सोडा. मी येलदरीचं धरण सुचवलं. पाणी भरपूर, झाडाची सावली, जाऊन-येऊन एक दिवस. सहलीचा इंतजाम कसा करायचा हे मला कोणी शिकवायला नको. मी एक तक्ता केला. त्यात निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, जेवण, लघवी, परतीची वेळ आणि दर अर्ध्या तासाला गिनती, असे रकाने पाडले. प्रत्येक लेकराला नंबर दिला. नीलू सहा नंबर.

शिवाय गर्दीत आपली लेकरं लांबून ओळखू यावीत म्हणून सगळ्यांना एकाच कापडाचे कपडे शिवायचे, ही माझीच कल्पना. (सविता आता सगळ्यांना सांगते की ती माझीच होती. एरवी माझ्या कल्पनांचं श्रेय मला इतक्या तत्परतेनं कधी मिळत नाही.) परभणीच्या एका दुकानात जाऊन मी मालकाला म्हणालो, असं कापड द्या जे दुसऱ्या कोणाच्या अंगावर दिसणार नाही. त्यानं मागच्या फळीवरून एक तागा काढला. पिवळी जमीन, तिच्यावर टरबुजाच्या लाल फोडी, फोडींत काळ्या बिया. म्हणाला, 'गुरुजी, गॅरंटी. सहा महिन्यांत याला कोणी हात लावला न्हाई.' मला पटलं. आमच्या टेलरनं चार शर्ट आणि दोन फ्रॉक शिवले आणि शिल्लक तुकडा परत देताना म्हणाला, हा ठेवून घ्या, मला नको.

बुधवारी सहाला निघायचं होतं, पावणेआठला निघालो. आश्रुबाची जीप वेळेवर आली होती. आईनं आधी पाण्याचा कॅन, मग गोधडी, मग धपाट्यांचा डबा, मग ठेच्याचा डबा, मग दुसरी गोधडी असं एकेक आत चढवलं आणि शेवटी स्वतः चढायचं नाही म्हणाली, कारण दिसतच नाही तर धरण बघून काय करू. नीलूनं तिला सांगितलं, आजी, मी बघते आणि तुला सांगते. मग चढली. (हे वाक्य तुला मुद्दाम लिहिलं. तुझ्या लेकीची अशी आठ-दहा वाक्यं माझ्याजवळ आहेत, ती या पत्रात जागोजागी पेरायचा विचार होता, पण तुझा जीव टांगणीला लागला असेल.) आश्रुबाची गाडी चाळीसच्या वर जात नाही. वयाचा मान राखावा असं त्याचं मत आहे, गाडीच्या.

येलदरीला पाणी म्हणशील तर डोळ्यांत मावणार नाही एवढं. पहारेकऱ्यानं दोरीच्या अलीकडंच थांबायला सांगितलं, तेही बरंच झालं. नीलू दोरीशी चप्पल काढून आईचा हात धरून उभी राहिली आणि पाणी कसं आहे ते सांगू लागली. कुठं निळं आहे, कुठं हिरवं, कुठं होडी आहे. आई प्रत्येक गोष्टीला 'खोटं बोलायलीस' म्हणत होती आणि पुढचं विचारत होती. मी तक्त्यात साडेअकराची गिनती लिहिली, सहा. आणि मान वर केली तर समोरून टरबुजं चालत येत होती.

मला वाटलं, ऊन लागलं. एक टेम्पो येऊन थांबला होता आणि त्यातून तेच पिवळं कापड, त्याच फोडी, त्याच बिया घातलेली लेकरं उतरत होती. नऊ. त्यांच्यामागून एक मिशीवाले गृहस्थ वही-पेन घेऊन उतरले, त्यांनी आमची सहा पाहिली आणि जागच्या जागी थांबले. लग्नात दोन विहिणी एकच साडी नेसून समोरासमोर याव्यात तसे आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, परभणी का? मी म्हणालो, परभणी. गॅरंटी दिलती? दिलती.

गृहस्थ पाथरीचे, नाव दत्तराव. जिनिंगवर कापसाच्या गाठी मोजायचं काम. त्यांचा अख्खा गोतावळा आला होता आणि त्यांची आई कमलबाई टेम्पोत पुढं बसलेली होती. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? सहा जणांचे कपडे बदलले असते किंवा मनगटाला दोरा तरी बांधला असता. पण आम्ही दोघंही मोजण्यातली माणसं. आम्ही ठरवलं की गिनती दर अर्ध्या तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी करायची. एकदा माझी पंधरा भरली. एकदा त्यांची पाच भरली, तेव्हा ते पार बेजार झाले आणि मी त्यांना धीर दिला. तेवढ्यात सविता आणि आई, कमलबाई आणि त्यांच्या सुना एकाच झाडाखाली बसल्या, डबे उघडले आणि कोणाचं धपाटं कोणाच्या पानात गेलं याचा काही हिशोब राहिला नाही. दत्तरावांच्या धाकट्या मुलीचं, राजेश्रीचं, नीलूशी असं गूळपीठ जमलं की दोघी एका पानात जेवल्या. दोघींच्या वेण्या तेवढ्याच, उंची तेवढीच, फ्रॉक तर विचारूच नकोस. फरक एकच होता, त्याच्याकडं मी येतो.

चारला निघालो. दोन्ही गाड्या एकदमच. मी जीपच्या दाराशी उभा राहून आवाज दिला, 'गिनती करा.' एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. खणखणीत. तक्त्यात सहा लिहिले, खाली रेघ मारली. संघा, इथं मास्तर म्हणून मला एक सांगू दे. आपल्याकडच्या झेडपीच्या शाळेतल्या कोणत्याही लेकराला रांगेत बसवून 'गिनती करा' म्हण. ते शेजारच्याचा आकडा ऐकून पुढचा आकडा म्हणणारच. मग ते लेकरू कोणाच्या का गाडीत असेना. आम्हीच त्यांना तसं शिकवलं आहे.

जिंतूरला रस पाजायचं कबूल केलं होतं, पण आम्ही तक्त्याच्या दहा मिनिटं पुढं होतो. अशी संधी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आली होती, म्हणून मी आश्रुबाला म्हणालो, थांबू नको, सरळ चल. लेकरं ओरडली. सहा नंबर सगळ्यात जोरात ओरडला, जवळजवळ रडलाच. मी मागं न बघता सांगितलं की शिस्त म्हणजे शिस्त. मग सगळी पेंगायला लागली आणि सहा नंबर आईच्या मांडीवर झोपून गेला.

जिंतूर मागं पडून बराच वेळ झाला होता. आई झोपलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तिला तशी सवय आहे, डोळा अधू झाल्यापासून ती हातानंच बघते. एकाएकी तिचा हात थांबला. अगदी सावकाश म्हणाली, 'सूर्यभान, हिच्या कानात डूल हायत.' मी म्हणालो, असतील. आई म्हणाली, 'आपल्या नीलूचे कान कुठं टोचलेत?'

तीन वर्षं तुझं आणि आईचं या कानांवरून भांडण चाललंय. 'मोठी झाली की तिची ती ठरवेल' असं तू म्हणायचीस, आणि पोरीचे कान कोरे राहिलेत म्हणून आई दर दिवाळीला जेवणावर राग काढायची. मी दोघींना हो म्हणायचो. त्या क्षणी मला ते सगळं आठवलं आणि माझ्या हातातला तक्ता खाली पडला. आणि नेमका तेव्हाच तुझा फोन वाजला. सविताच्या हातातून फोन आईनं घेतला आणि तुला म्हणाली, 'झोपली हाय.' मांडीवर एक मुलगी झोपलेली होती, एवढं त्यात खरं होतं. बाकीचं खोटं होतं, आणि ते आमच्या वतीनं मी या पत्रात कबूल करतो आहे.

फोन ठेवून आईनं त्या मुलीला जागं करेपर्यंत असेल एखादं मिनिट. त्या मिनिटाबद्दल मी विनोदानं लिहिणार नाही. मला फक्त पाणी दिसत होतं. तुला काय तोंड दाखवू, हेसुद्धा मनात आलं नाही, ते नंतर आलं. आधी नुसतं ते निळं-हिरवं पाणी आणि दोरीशी काढून ठेवलेली नीलूची चप्पल. आश्रुबानं कोणी न सांगता गाडी वळवायला घेतली होती.

मुलगी डोळे चोळत उठली. कोण ग तू? राजेश्री. आमची नीलू कुठाय? तर ती आमच्यावरच रागावली. म्हणाली, 'ती आमच्या टेम्पोत हाय. जिंतूरपोस्तर एकमेकीच्या गाडीत बसायचं आणि रसवंतीवर बदलायचं ठरलं होतं. तुमी थांबलाच न्हाईत. मी लय वरडले.' खरंच लय वरडली होती. मीच शिस्त शिकवली होती.

आश्रुबाच्या जीपनं त्या दिवशी चाळीसचा काटा ओलांडला. साठसुद्धा ओलांडला असेल, काटा चाळीसलाच अडकून आहे. मुलीच्या सांगण्यानं जीव थोडा खाली आला होता, पण पुरता नाही. तो टेम्पो जिंतुरात थांबलाच नसेल तर, सेलूच्या रस्त्याला लागला असेल तर, आणि नीलू मुळात त्यात चढलीच नसेल तर. अशी 'तर' मोजत मी जिंतूरपर्यंत आलो. रसवंतीच्या दारात टेम्पो उभा होता.

मी उडी मारून दत्तरावांना गाठलं आणि म्हणालो, आमची एक मुलगी तुमच्यात आहे. त्यांनी शांतपणे वही काढली. म्हणाले, 'गुरुजी, आमची नऊच्या नऊ हायत. आत्ताच मोजली.' मी म्हणालो, आमचीही सहाच्या सहा आहेत. मग दोघांनीही आपापला आकडा पुन्हा एकदा चढ्या आवाजात सांगितला. आश्रुबा खाली उतरून म्हणाला, दोघांचा आकडा बरोबर हाय तर भांडायलाव कशाला? तेवढ्यात बाकड्यावरून आवाज आला, 'मामा, किती उशीर.' नीलू कमलबाईंच्या मांडीला टेकून बसली होती. ओठांवर रसाच्या फेसाच्या मिशा, हातात त्यांच्याच डब्यातली शेंगदाण्याची पोळी. तिला एवढंही माहीत नव्हतं की ती हरवली आहे.

मी तिला उचललं आणि रसवंतीच्या दारात उभा राहून रडलो, संघा. लाज वाटली नाही. दत्तरावांनी राजेश्रीला उचललं आणि मिशीला हात लावत रस्त्याकडं तोंड केलं. कमलबाईंना मी विचारलं, तुम्हाला कळलं नाही का ही तुमची नाही म्हणून? त्या म्हणाल्या, 'कळलं की. पर लेकराला काय इचारायचं? भूक लागली म्हणलं, दिलं खायाला. नेणारं येतंयच.' त्यांनी तिला नाव-गाव विचारलं नव्हतं, आडनावही विचारलं नव्हतं. जेवलीस का, एवढंच विचारलं होतं. आईनं ते ऐकलं, चाचपडत त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचे हात धरून कितीतरी वेळ बसली. मग आम्ही पंधराच्या पंधरा लेकरांना दुसऱ्यांदा रस पाजला आणि कोणीही मोजलं नाही.

परत येताना नीलू माझ्या मांडीवर होती. मी तिला विचारलं, अगं, मी गिनती घेतली तेव्हा तू हाक का नाही मारलीस, समोरच्या टेम्पोतच तर होतीस. ती म्हणाली, 'मामा, तू मला हाक मारलीच नाहीस. तू फक्त सहा विचारलंस.' मी तक्ता खिडकीतून टाकून दिला. (कचरा करू नये हे मान्य. त्या दिवशी केला.)

तेव्हा तुझी माफी मागतो. मी तुला शब्द दिला होता आणि नीलू तासभर माझ्या नजरेआड होती. कान न टोचण्याचा तुझा हट्ट होता म्हणून आम्हाला वेळेवर कळलं, नाहीतर आम्ही दुसऱ्याची लेक बोरीला आणून जेवू घालून झोपवली असती. आईनंही हे मान्य केलं. तिच्या तोंडून तुझं कौतुक तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

जीवनरावांना जय भीम सांग. त्यांना हे पत्र चहा झाल्यावर दाखव.

तुझा,
सूर्यभानदादा

ता. क. नीलूच्या पिशवीत टरबुजांचा फ्रॉक आहे. टाकू नकोस. तो तिच्या मैत्रिणीचा आहे. तिचा पाथरीला गेला.

ता. क. २. आता रुमाल सोड. रागावण्याआधी पुढं वाच. शुक्रवारी दत्तराव, कमलबाई आणि राजेश्री आपल्या घरी जेवायला आले. मी शाळेत होतो, सुट्टीतही नव्या सर्वेक्षणाचं प्रशिक्षण लागलं होतं (काय मोजायचं आहे ते अजून कळलेलं नाही). घरी आलो तर दोन्ही आज्या दोन्ही नातींना सोनाराकडून घेऊन परतत होत्या. सुई नवी होती, मी जाऊन विचारलं. तू नर्स आहेस, तू अजून नीट बघशीलच. आईवर चिडू नकोस. नीलू स्वतःहून पुढं झाली, राजेश्रीनं हात धरला, आणि 'तिची ती ठरवेल' हे तुझंच म्हणणं आहे. मी तिला रागावून विचारलं, अगं, कान कोरे होते म्हणून तर तू सापडलीस, आता मी तुला ओळखू कशी? ती म्हणाली, 'आता तुला माझं तोंडच बघावं लागेल.'

ता. क. ३. ज्यासाठी एवढं लिहिलं ते राहिलंच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मे महिन्यात करायचं ठरतं आहे, पण ती अडून बसली आहे. पट्टी सोडली की पहिलं तोंड नीलूचं बघायचं, ती येणार नसेल तर डोळा आहे तसाच राहू द्या, म्हणते. तेव्हा सुट्टी लागली की तिला पाठव. या वेळी मी मोजणार नाही, हात धरून ठेवीन.